अमावास्येची रात्र आणि कालासेइतेचा रस्ता

ब्रिटिश बटालियन या नावाने इतिहासात गेलेल्या पलटणीचं बारशाचं नाव एका मुंबईकराचं होतं. शापुरजी सकलातवाला. जन्म १८७४ चा, मुंबईचा. जमशेटजी टाटांचे सख्खे भाचे, आणि लंडनच्या बॅटरसी भागातून निवडून गेलेले कम्युनिस्ट खासदार. १९३६ च्या जानेवारीत ते वारले. त्याच वर्षी जुलैत जनरल फ्रँकोच्या बंडाने स्पेनमध्ये यादवी पेटली आणि तिथल्या प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला देशोदेशीचे स्वयंसेवक निघाले. त्यांतल्या इंग्रज, स्कॉटिश, वेल्श आणि आयरिश माणसांच्या पलटणीला सकलातवालांचं नाव दिलं गेलं. ते कुणाच्या जिभेवर रुळलं नाही, ही गोष्ट वेगळी.

या पलटणीत ‘जॉन स्मिथ’ नावाचा एक सैनिक होता. त्याचं खरं नाव गोपाळ मुकुंद हुद्दार, नागपुरात सगळे बाळाजी हुद्दार म्हणत. १९२९ मध्ये डॉ. हेडगेवार सरसंघचालक झाले, तेव्हा राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह म्हणून हुद्दारांची नेमणूक झाली होती. पुढे बालाघाटच्या राजकीय दरोड्यात तुरुंगवास झाला, सुटल्यावर वृत्तपत्रविद्या शिकायला ते लंडनला गेले आणि १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथून स्पेनला. एकाच माणसाच्या आठ-नऊ वर्षांत एवढं सगळं बसतं, हे आजच्या खाचेबंद राजकारणाची सवय झालेल्या वाचकाला पटायला जड जाईल. पण बसलं.

आपल्या डोंगराळ मुलखाला परदेशातली लढाई नवी नव्हती. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या वाड्यावस्त्यांतून पहिल्या महायुद्धात माणसं मराठा पलटणींतून मेसोपोटेमियाला गेली आणि १९१६ मध्ये कुतच्या वेढ्यात अडकून कैदही झाली. ती पगारावर गेली होती, सरकारच्या हुकमाने. हुद्दार ज्या पलटणीत गेले तिच्यात भरती होणं हा ब्रिटिश कायद्याने गुन्हा होता. १८७० चा परदेशी सैन्यभरतीविरोधी कायदा ब्रिटिश सरकारने १९३७ च्या जानेवारीत पुन्हा बाहेर काढला होता. त्यामुळे स्वयंसेवक पॅरिसला सहलीला जातो असं सांगून निघत आणि रात्रीच्या अंधारात पिरेनीज पर्वत पायी ओलांडून स्पेनमध्ये उतरत.

या पलटणीचा कणा ३१ मार्च १९३८ च्या पहाटे मोडला. जागा आरागॉनच्या डोंगरातली, कालासेइते गावाबाहेरचा रस्ता.

९ मार्च : बावीस दिवस आधी

तेरुएलची हिवाळी लढाई फेब्रुवारीच्या २२ तारखेला संपली होती. प्रजासत्ताकाने ते शहर जिंकलं आणि गमावलं. बर्फात पाय कुजलेली माणसं अजून दवाखान्यात होती. हीच वेळ साधून फ्रँकोने आरागॉन आघाडीवर हल्ला चढवला. सुमारे एक लाख सैन्य, दोनशेच्या आसपास रणगाडे, हजाराजवळ विमानं. त्यात मुसोलिनीने पाठवलेलं इटालियन सैन्य होतं, जनरल मारियो बेर्तीच्या हाताखाली, आणि हिटलरची कॉन्डोर लिजनही होती.

दुसऱ्याच दिवशी बेल्चिते गेलं. आधीच्या सप्टेंबरात याच गावासाठी आंतरराष्ट्रीय तुकड्या घरोघर, भिंत फोडून भिंत अशा लढल्या होत्या. घेताना दिवसांमागून दिवस लागले. जाताना एक पुरला.

१४ मार्च : सतरा दिवस आधी

आल्कान्यीस शहर इटालियनांनी घेतलं. नकाशावर बोट ठेवलं तर इथून एक रस्ता पूर्वेला निघतो. कालासेइते, गांदेसा, मग एब्रो नदी आणि पुढे भूमध्य समुद्र. पुढच्या दोन आठवड्यांचं भवितव्य या एका रस्त्याने लिहिलं.

जगाचं लक्ष दुसरीकडे होतं. दोनच दिवसांपूर्वी हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं होतं. लंडनमध्ये ‘हस्तक्षेप न करण्या’च्या समितीच्या बैठका नेमाने चालल्या होत्या, तिचे सभासद असलेले जर्मनी आणि इटली हस्तक्षेप करत होते आणि समितीचं चहापाणी व्यवस्थित होत होतं. १६ ते १८ मार्च या तीन दिवसांत माजोर्काच्या तळावरून उडालेल्या इटालियन विमानांनी बार्सिलोनावर बॉम्ब टाकून हजाराच्या आसपास माणसं मारली. फ्रान्सने आपली सीमा थोडी सैल केली, शस्त्रं येऊ लागली, पण ती डोंगरातल्या खंदकांपर्यंत पोचायला वेळ हवा होता. १७ तारखेला कास्पे पडलं.

कास्पेनंतरचे दिवस

मग एक विसावा मिळाला. फ्रँकोचा जोर काही दिवस एब्रोच्या उत्तरेला वळला आणि गांदेसाच्या बाजूला थोडी शांतता झाली.

ब्रिटिश बटालियन गांदेसाजवळ कोर्बेरा गावाच्या परिसरात विसावली. बेल्चितेपासून कास्पेपर्यंतच्या माघारीत तिची चाळण झाली होती. आता नवे लोक भरले गेले. इंग्लंडहून आलेले, दवाखान्यातून उठून आलेले, आणि कितीतरी स्पॅनिश तरुण, ज्यांतल्या अनेकांनी बंदूक नुकतीच हातात घेतली होती. संख्या पुन्हा साडेसहाशेच्या घरात गेली.

संख्येवर फार विश्वास ठेवू नये. १९३७ च्या फेब्रुवारीत हारामा नदीकाठी हीच पलटण सहाशेच्या आसपास संख्येने पहिल्यांदा लढायला उतरली आणि पहिल्याच दिवशी तिने निम्म्याहून अधिक माणसं गमावली. नव्या नावांनी यादी पुन्हा भरता येते. पण एकमेकांच्या हाका ओळखणारे, शेजारची तुकडी कुठे आहे हे न विचारता जाणणारे जुने लोक तसे भरून येत नाहीत. मार्चअखेरची पलटण कागदावर पूर्ण होती. अंगात मात्र तिच्या दोन वेगवेगळ्या पलटणी होत्या, एक दमलेली आणि एक कच्ची.

३० मार्च, दिवसा : एक दिवस आधी

हल्ला पुन्हा सुरू झाला, या वेळी दक्षिणेच्या बाजूने. आल्कान्यीसचा रस्ता धरून इटालियन पुढे सरकू लागले. त्यांच्यासमोर एन्रिके लिस्तेरची डिव्हिजन होती. लिस्तेर म्हणजे गॅलिसियातला पाथरवट, युद्धात सेनापती झालेला, प्रजासत्ताकाचा खंदा माणूस. त्याच्या आघाडीला आधार द्यायला पंधराव्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमधून ब्रिटिश बटालियन पुढे पाठवायचं ठरलं.

पलटणीचा प्रमुख होता जॉर्ज फ्लेचर. राजकीय कमिसार वॉल्टर टॅपसेल, लंडनच्या ईस्ट एंडचा, तापट आणि आपल्याच वरिष्ठांशी भांडायला न कचरणारा माणूस. सोबत फ्रँक रायन हा आयरिश क्रांतिकारकही होता. हे हाताखालच्या माणसांना पुढे ढकलून मागे थांबणारे अधिकारी नव्हते. ते रांगेच्या पुढच्या भागात होते आणि पुढच्या सकाळी त्याचीच किंमत पडली.

दिवेलागण

कोर्बेराहून निघालेली पलटण गांदेसामार्गे पश्चिमेला. गांदेसा ते कालासेइते वीस किलोमीटरहून थोडं अधिक. दोन्ही बाजूंना दगडी बांध घातलेली द्राक्षांची, ऑलिव्हची आणि बदामाची शेतं, मध्येच पाईनची झाडी, आणि रस्ता टेकड्यांच्या कडेकडेने वळत जाणारा.

उलट दिशेने माणसं येत होती. त्या आठवड्यात आरागॉनच्या सगळ्या रस्त्यांवर हेच दृश्य होतं. गाढवावर गाद्या लादलेली कुटुंबं, आपल्या तुकडीपासून सुटलेले सैनिक. पराभूत सैन्याच्या रस्त्यावर बातम्या मुबलक असतात आणि माहिती नसते. पळणारा प्रत्येक माणूस शत्रू मागेच आहे असं सांगतो. त्यामुळे ते खरं असतं तेव्हाही ऐकणारा मनावर घेत नाही.

मध्यरात्र

ती फाल्गुनातली सरती रात्र होती. अमावास्या जेमतेम दिवसावर आलेली, म्हणजे आकाशात चंद्र नाही. आपल्याकडे १ एप्रिलला पाडवा होता, घरोघर गुढीच्या काठ्या धुऊन ठेवायचे दिवस. तिकडे शेकडो माणसं पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवून अनोळखी डोंगरात चालत होती.

काळोखातली चाल विमानांपासून वाचवते, आणि त्या महिन्यात दिवसा रस्त्यावर येणं म्हणजे विमानांना आमंत्रण होतं. तेव्हा रात्रीची चाल ही चूक नव्हती. मात्र काळोखात पलटण आपोआप रस्त्याला बांधली जाते. शेतात पांगून, टेकडीच्या माथ्यावरून पुढचं पाहत चालणं जमत नाही. पलटणीचा साप होतो, लांब आणि अरुंद.

उत्तररात्र

या प्रहरात घडलेली सगळ्यांत मोठी गोष्ट रांगेतल्या कुणालाही दिसली नाही. पुढची आघाडी आता तिच्या जागी नव्हती.

बटालियनपर्यंत ही खबर न पोचण्याचं कारण अगदी साधं होतं. त्या काळच्या प्रजासत्ताकाच्या पायदळाकडे चालताना वापरता येईल असा वायरलेस नव्हता. टेलिफोन होता तो जमिनीवर तार अंथरून, आणि ती तार तोफगोळ्याने तुटे किंवा माघारीत मागे राही. उरले ते निरोप्ये, पायी किंवा मोटारसायकलवर. आघाडी स्थिर असेल तर ही व्यवस्था पुरते. आघाडी दिवसाला कित्येक किलोमीटर सरकू लागली की निरोप्या ज्या ठाण्यावर निघालेला असतो ते ठाणं तो पोचेपर्यंत उठलेलं असतं. वरच्या कार्यालयातल्या नकाशावर लिस्तेरची माणसं अजून पुढे होती, आणि बटालियन त्या नकाशाबरहुकूम चालली होती.

या लढाईच्या वर्णनांत पुढच्या क्षणाला दबा धरून केलेला हल्ला म्हणण्याची पद्धत आहे. मला ते तितकंसं पटत नाही. पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणहून समोर प्रतापगड दिसतो. १६५९ मध्ये त्या जावळीच्या रानात जे झालं त्याला दबा म्हणावं. अफजलखानाची छावणी पार गावी, भोवतीच्या झाडीत नेमून दिलेल्या जागी मावळे, गडावरून इशारतीची तोफ. कुणी कुठे थांबायचं हे आधी ठरलेलं. कालासेइतेला असं काहीच ठरलेलं दिसत नाही. एकाच रस्त्यावरून दोन सैन्यं समोरासमोर येत होती, आणि त्यांतल्या एकालाच हे ठाऊक होतं की आता वाटेत आपलं कुणी नाही. कुडपणच्या चढावर समोरचं वाहन दिसत नाही म्हणून चालक वळणाआधी भोंगा वाजवतो, तर रात्री आघाडीवर निघालेल्या पलटणीला तोंड दाबून चालावं लागतं.

झुंजुमुंजु

पलटण कालासेइतेतून गेली. टेकडीवर वसलेलं दगडी घरांचं गाव. घरं मागे पडली, रस्ता पुढे वळणात शिरला. उजेड एवढाच की आकार कळावा, रंग कळू नये.

वळणावर रणगाडे दिसले.

रांगेतल्या पहिल्या माणसांची समजूत अशी झाली की हे आपलेच, लिस्तेरचे. या समजुतीला हसू नये. पुढे आपलं सैन्य आहे असं सांगितलेलं असताना पुढून रणगाडे आले, तर ते आपलेच असायचे. शांत डोक्याने, दिवसाच्या उजेडात, फरक ओळखणं कठीण नव्हतं. प्रजासत्ताकाकडे सोव्हिएत टी-२६ होते, नऊ-दहा टनांचे, फिरत्या बुरुजावर तोफ असलेले. इटालियनांचे रणगाडे जेमतेम तीन टनांचे, बसकट, आत दोन माणसं, तोफ नाही, नुसत्या मशीनगन. एरवी त्यांची टिंगल होई. टी-२६ समोर आला तर त्यांचा पत्रा टिकत नसे. पण उघड्या रस्त्यावर चालत आलेल्या माणसांसमोर तीन टन पुष्कळ झाले.

पुढची काही मिनिटं

आपलेच रणगाडे समजून टॅपसेल पुढे गेला आणि मारला गेला. मशीनगनचा मारा रस्त्याच्या लांबीने सुरू झाला. रांगेत चालणाऱ्या माणसांवर समोरून येणारी गोळी हुकली तरी मागच्याला लागते. रात्रभर ज्या आकाराने विमानांपासून वाचवलं, त्याच आकाराने आता घात केला.

रणगाड्यांमागून पायदळ आलं. पुढच्या कंपन्यांना बंदुका खांद्यावरून काढायला अवधी मिळाला नाही. काही गट बांधांवरून उड्या टाकून टेकडीकडे पळाले आणि तिथून त्यांनी गोळीबार केला. काही दगडाआड पडून राहिले. काहींना पाठीत नळी टेकली तेव्हा कळलं. शिस्तीचा किंवा धैर्याचा प्रश्नच इथे नव्हता. माघारीच्या तीन आठवड्यांत यांतल्या जुन्या लोकांनी कास्पेला स्वतःहून कितीतरी मोठ्या सैन्याला अडवून धरलं होतं. धैर्य दाखवायला निदान एवढं कळावं लागतं, की शत्रू कुठल्या बाजूला आहे.

उन्हं चढल्यावर

पलटणीतले सुमारे दीडशे ठार किंवा जखमी. आणखी सुमारे १४० कैद. साडेसहाशेच्या पलटणीत हा आकडा म्हणजे जवळजवळ निम्मी माणसं, आणि बहुतेक सगळी पहिल्या थोड्या वेळात.

कैद्यांत फ्रँक रायन होता. क्लाइव्ह ब्रॅन्सन नावाचा एक चित्रकारही होता. त्याच्याकडे मराठी वाचकाने जरा थांबून पाहावं. हा इंग्रज १९०७ मध्ये अहमदनगरला जन्मला होता, बाप हिंदी लष्करात अधिकारी. नगरचा ब्रॅन्सन आणि नागपूरचे हुद्दार एकाच पलटणीत, एकाच माघारीत, आणि दोघेही फ्रँकोच्या कैदेत.

१ एप्रिल, पाडवा

वाचलेले लोक टोळ्याटोळ्यांनी गांदेसाकडे परतत होते. रस्ता आता शत्रूचा होता, म्हणून डोंगरातून, दिशा अंदाजाने धरून. शेजारी बातेआच्या बाजूला असलेल्या अमेरिकन लिंकन बटालियनचीही पांगापांग झाली. २ एप्रिलला गांदेसा पडलं. त्याच संध्याकाळी कोर्बेराजवळ रॉबर्ट मेरिमन हा ब्रिगेडचा अमेरिकन अधिकारी आणि कमिसार डेव्ह डोरान काळोखात दिसेनासे झाले, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

हुद्दार पकडले गेले ते एप्रिलच्या सुरुवातीच्या या दिवसांत, गांदेसाच्या परिसरात. आपण कालासेइतेच्या वळणावरचे मृत मोजतो, पण त्या वळणाने आणखी एक गोष्ट केली. त्याने शेकडो माणसं नकाशाशिवाय डोंगरात विखरून टाकली आणि पुढचे तीन दिवस ती एकेक, दोनदोन करून शत्रूच्या हाती लागत राहिली.

३ एप्रिल

उरलेल्यांनी गांदेसाच्या आसपास इटालियनांना काही काळ रोखलं आणि मग एब्रो ओलांडली. मागून पूल उडवले गेले. ज्यांना पोचायला उशीर झाला त्यांनी बर्फ वितळून फुगलेल्या नदीत उड्या घेतल्या, त्यांतले काही बुडाले. १५ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, फ्रँकोचं सैन्य विनारोस इथे समुद्राला भिडलं आणि प्रजासत्ताकाचे दोन तुकडे झाले.

नंतर

परदेशी कैद्यांना बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात कोंडलं गेलं. शेकडो माणसं, उवा, काठीचा मार, फॅसिस्ट सलामीची सक्ती. फ्रँकोचा लष्करी मानसोपचारतज्ज्ञ व्हायेखो-नाखेरा या कैद्यांच्या डोक्यांची मापं घ्यायला येई, मार्क्सवादाचं मूळ मेंदूच्या दोषात सापडतं का हे तपासायला. कैद्यांनी आतच वर्ग चालवले, भाषा शिकवल्या, हस्तलिखित वर्तमानपत्र काढलं.

पलटण पुन्हा भरली गेली आणि जुलैत एब्रो ओलांडून याच गांदेसाच्या टेकड्यांवर परत लढली, तिथेही मोडली. ब्रिटनमधून स्पेनला गेलेल्या सुमारे अडीच हजारांपैकी पाचशेहून अधिक परतले नाहीत. रायनला फाशीची शिक्षा झाली, ती रद्द होऊन १९४० मध्ये त्याची रवानगी जर्मनीत झाली आणि १९४४ मध्ये तो ड्रेस्डेनला मेला. ब्रॅन्सन सुटला, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रणगाडा दलातून महाराष्ट्रात परत आला, इथल्या दारिद्र्याबद्दल बायकोला संतापून पत्रं लिहीत राहिला आणि १९४४ च्या फेब्रुवारीत आराकानमध्ये जपान्यांशी लढताना रणगाड्यावर मारला गेला.

हुद्दार १९३८ च्या अखेरीस सुटून भारतात आले. पुढच्या वर्षी सुभाषबाबूंचा निरोप घेऊन ते देवळालीला डॉ. हेडगेवारांना भेटायला गेले. सुभाषबाबूंना हेडगेवारांशी बोलायचं होतं. हेडगेवारांनी आजाराचं कारण सांगून भेट टाळली, असं हुद्दारांनी चाळीस वर्षांनी, १९७९ मध्ये, ‘इलस्ट्रेटेड वीकली’त लिहिलं. देवळालीच्या त्या भेटीनंतर थोड्याच काळात ते कम्युनिस्ट पक्षात गेले होते.